गुडघा वाकत नव्हता त्या हिवाळ्यात

देवासच्या चौकात गराडूच्या कढया लागल्या की लोकांना बरं वाटतं. त्या कंदाच्या फोडी तेलात लाल होईपर्यंत तळायच्या, वर लिंबू पिळायचं, मसाला भुरभुरायचा आणि कागदी द्रोण हातात धरून थंडीचं कौतुक करत उभं राहायचं. माळव्यात थंडीवर कुणी रागावत नाही. मी रागावते. माझ्या उजव्या गुडघ्यात धातू बसवलेला आहे आणि मार्गशीर्ष लागला की सकाळी पलंगावरून पाय खाली सोडताना गुडघ्याभोवती कुणी ओला पट्टा आवळून बांधल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, “धातु को ठंड नहीं लगती आंटी, मन का वहम है।” असेल. माझ्या मनाला पुष्कळ गोष्टी लागतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मागच्या वर्षीच्या थंडीतल्या आहेत.

परवा यांनी गराडूचा एक द्रोण घरी आणला. वास आला आणि मी उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडली. यांनी विचारलं, “का? आवडायचे की तुला.” मागच्या थंडीत धारला वन्संच्या घरी चार वाजता शेजारच्या अंगणातून हाच वास यायचा, आणि चार वाजता माझा गुडघा वाकवायची वेळ असायची.

वन्सं म्हणजे माझी नणंद, इंदू. यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. आमच्या घरात नणंदेला अजून वन्संच म्हणतात. माझ्या सुनेला तो शब्द जुन्या नाटकातला वाटतो. मी म्हटलं की ती हसते. मला हसू येत नाही. नऊ वर्षं मी तो शब्द उच्चारलाच नव्हता. लग्नाकार्यात एका मांडवात बसायचो, एकमेकींच्या पानांत वाढायचोसुद्धा, पण बोलणं नाही.

गुडघे माझे शाळेने खाल्ले असं मी सगळ्यांना सांगते. पहिली अकरा वर्षं मी लोहारदा नावाच्या खेड्यात शिकवलं. सोमवारी पहाटेच्या बसने जायचं, शनिवारी संध्याकाळी परत. तिथल्या शाळेत वर्गात मास्तरणीला खुर्ची होती, पण तिचा एक पाय मोडलेला होता आणि तो कुणी बसवला नाही. उभ्याने शिकवलं, उभ्याने वह्या तपासल्या, बसमध्येही बहुतेकदा उभीच. पुढे देवासला बदली झाली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरचं हे घर घेतलं. लिफ्ट नाही. तेव्हा चाळिशी नुकतीच उलटली होती, जिने दिसलेच नाहीत. बाल्कनीतून देवीची टेकडी दिसते म्हणून घर घेतलं होतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि पेनाने दाखवलं. “ये देखिए, यहाँ गैप होना चाहिए। है ही नहीं। हड्डी से हड्डी घिस रही है।” दोन्ही गुडघे तसेच, उजवा जास्त. उजवा आधी करू, डावा वर्षा-दोन वर्षांनी बघू, असं ठरलं. मग तयारी सुरू झाली. मला वाटलं होतं, ऑपरेशन म्हणजे एक दिवस जाऊन झोपायचं. तसं नसतं. आधी दात दाखवा, कुठे पू नको. लघवी तपासा. साखर खाली आणा. मांडीचे स्नायू घट्ट करायला रोज टाच उचलून दहा आकडे मोजा. ज्या पायाला कापणार त्याच पायाचा आधी व्यायाम करायचा, हे मला संतापजनक वाटायचं. त्यात भेटायला येणारे. कुणी मेथीचे लाडू आणले, कुणी तेल आणलं, कुणी आपल्या मावशीचं ऑपरेशन कसं बिघडलं ते चहा पिता पिता सांगितलं. सगळ्यांना माझ्या गुडघ्याबद्दल मत होतं.

एक प्रश्न मात्र कुणी विचारत नव्हतं. तीन जिने चढून मी घरी कशी येणार? सहा आठवडे जिना नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा बेंगळुरूला, त्याला आठ दिवसांची रजा. यांचं स्वतःचं हृदयाचं दुखणं, मला उचलणं तर सोडाच, बादली उचलायची बंदी.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी जेवताना हे म्हणाले, “ताईशी बोललो मी.”

“कोणत्या ताईशी?”

“इंदूताईशी. तिचं घर तळमजल्यावर आहे. कमोड आहे. ती म्हणाली, आण.”

मी पोळी ताटात ठेवली. “मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी बायको आणि बहीण यांच्यामध्ये कधी एक शब्द टाकला नव्हता. टाकला तो असा.

आता माईंबद्दल सांगायला हवं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लोहारद्याला असताना माझा मुलगा त्यांनी वाढवला. घर त्यांचं होतं, किल्ल्या त्यांच्या, मिठाचा डबा कुठे ठेवायचा ते त्यांनी ठरवलेलं. पंच्याहत्तरीला त्यांचे गुडघे गेले आणि त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर खाटेला लागल्या. वन्संनी त्यांच्यासाठी डॉक्टर शोधला, तारीख घेतली. म्हणाल्या, “दीड महिना रजा टाकते, धारला नेते. चालती करून परत आणून सोडते.” ठरलेल्या दिवशी त्या गाडी घेऊन आल्या. मी दारात उभी राहिले. म्हटलं, या वयात त्यांना ते सोसवणार नाही. म्हटलं, मुलगा असताना मुलीकडे पाठवलं तर लोक काय म्हणतील. हे मागे उभे होते, गप्प. वन्सं रिकामी गाडी घेऊन गेल्या. त्यानंतर पाच वर्षं माई जगल्या, आणि त्या पाच वर्षांत त्यांचे पाय एकदाही जमिनीला लागले नाहीत. बाल्कनीत खुर्ची ठेवली की तिथून टेकडी बघायच्या, तेवढंच.

त्यांच्या अस्थी आम्ही नेमावरला नर्मदेत सोडल्या. घाटाच्या पायऱ्या उतरताना माझा गुडघा पहिल्यांदा लचकला, मी कठडा धरला. वन्सं पुढे होत्या, कलश त्यांच्या हातात. शेवटच्या पायरीवर थांबून त्या मागे वळल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “उतरली एकदाची माई तुझ्या घरातून.” त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

अशा बाईच्या घरी मी निघाले होते.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. कमरेखाली बधिर केलं होतं, डोळ्यांसमोर हिरवा पडदा. दुखत नव्हतं, ऐकू येत होतं. करवत, मग हातोडी. शेजारच्या घरात कपाट बसवत असावेत तसं. मधेच कुणी क्रिकेटचा स्कोअर विचारला. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. मी चार पावलं टाकली आणि नर्सने टाळी वाजवली, मी लहान पोर असल्यासारखी. पाचव्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून आम्ही इंदूरहून धारला निघालो. रस्त्यावर धुकं होतं. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू कोवळा हिरवा. मुलगा म्हणाला, “किती सुंदर आहे ना, आई.” प्रत्येक खड्ड्याला टाके ओढले जात होते. मला शेतं दिसली, सुंदर काही दिसलं नाही.

वन्सं दारात उभ्या होत्या. बहात्तर वर्षांची बाई, ताठ, केस घट्ट बांधलेले, तहसिलीत पस्तीस वर्षं नोकरी करून माणसाला वरून खालपर्यंत बघायची सवय लागलेली. मला म्हणाल्या, “उंबऱ्यावर फळी टाकलीय. वॉकर आधी.” नऊ वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

मुलगा आठ दिवसांनी गेला. हे देवास-धार येऊन-जाऊन असायचे, आले की पेपर वाचायचे. उरल्या त्या आणि मी.

शुश्रूषा कशी असावी याचं जर कुणी पुस्तक लिहिलं तर वन्संनी केलं तसं त्यात लिहावं लागेल. औषध एक मिनिट इकडे-तिकडे नाही. बर्फाची पिशवी वीस मिनिटं, घड्याळ लावून. पायमोजे चढवताना एकही सुरकुती ठेवायच्या नाहीत. मला कमोडवर बसवायच्या, बाहेर उभ्या राहायच्या, हाक मारली की यायच्या. अंग पुसायच्या, पाठ, काखा, पाय, बोटांच्या बेचक्या. जेवणात मऊ भात, मेथी, दूध. आणि या सगळ्यात एकदाही, कसं वाटतंय, असं विचारलं नाही. आजारी माणसाला प्रेमाची सेवा घेता येते, पैसे देऊन ठेवलेल्या बाईचीही घेता येते. जिला तुम्ही डोळ्यांसमोर नको आहात तिच्या हातून रोज सकाळी आपलं नागडं अंग पुसून घेणं, हे मात्र मला कुठे शिकवलेलं नव्हतं. मी डोळे मिटून घ्यायची. त्यांना वाटत असेल, दुखतंय.

राजगडची किरण नावाची मुलगी आठवड्यातून तीनदा बसने धारला यायची, फिजिओथेरपीला. गोड मुलगी. गुडघा वाकवताना माळवीत धीर द्यायची, “कंई नी होय आंटी, बस थोड़ा और.” तिच्याजवळ अंश मोजायचं एक पारदर्शक यंत्र होतं, दोन पट्ट्यांचं. ते गुडघ्याला लावायची आणि आकडा वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस. दुसऱ्यात अठ्ठावन्न. मग साठ. मग साठच.

एके दिवशी चार वाजता वन्सं शेजारी उभ्या होत्या. शेजारच्या अंगणात गराडू तळत होते. किरणने पाय दाबला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, नको म्हणून. वन्सं शांतपणे म्हणाल्या, “माईला सोसवणार नाही, असं तूच म्हणाली होतीस ना? बघू, तुला सोसवतंय का.”

किरणला मराठी येत नाही. तिने हसून माझ्याकडे पाहिलं, वन्सं मला काहीतरी धीर देतायत असं तिला वाटलं असावं.

मी वन्संना म्हटलं, “तुम्ही मला याच्यासाठीच आणलंय.”

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि पाय बरा करायलाही. दोन्ही कामं होतील.”

त्यानंतर मी व्यायाम बंद केला. किरण यायची तेवढंच. बाकी दिवसातून चार वेळा स्वतः करायचा असतो तो मी सोडून दिला. सूड उगवायला माझ्याजवळ माझा गुडघाच होता. त्यांनी टॉवेल टाचेखाली ठेवावा आणि मी भिंतीकडे बघत बसावं. त्या एकदा सांगायच्या, दुसऱ्यांदा सांगायच्या नाहीत. दहा दिवस आम्ही दोघी औषधांच्या नावांपलीकडे काही बोललो नाही. दिवसा अंगणात ऊन यायचं, त्यात माझी खुर्ची ठेवलेली असायची. त्या लसणाची पात निवडत समोर बसायच्या. पलीकडच्या घरातली बाई कुंपणावरून म्हणायची, “कितना अच्छा लगता है ननद-भौजाई को ऐसे साथ देखकर।” आम्ही दोघीही तिच्याकडे बघून हसायचो. तेवढ्या एका गोष्टीत आमचं एकमत होतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी इंदूरला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. “साठ पर अटका हुआ है। आंटी, घर पे कर नहीं रहीं आप?” वन्सं सोबत होत्या. मला वाटलं आता त्या सांगतील. त्या गप्प राहिल्या. डॉक्टर म्हणाले, आत वण धरायला लागलाय. अजून दोन आठवडे बघू. नव्वदच्या आसपास आला नाही तर पुन्हा भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. आणि तेही जमलं नाही तर पाय असाच, काठीसारखा. “फिर सीढ़ी भूल जाइए।”

जिने विसरा. म्हणजे देवासचं घर विसरा, किंवा त्या घरात वर गेलं की मग खाली येणं विसरा. माईंच्या खुर्चीची जागा बाल्कनीत अजून तशीच आहे. तिथे मी बसलेली मला दिसले.

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी मी पहिल्यांदा न्हाणीघर नीट पाहिलं. तीन आठवडे ज्यांना धरून उठत होते ते भिंतीतले पोलादी दांडे नवे नव्हते. खिळ्यांच्या कडेला गंज होता, पण मधला भाग कुणी कधी धरलाच नसावा तसा लखलखीत. कमोडही आजचा नव्हता.

मी विचारलं, “हे केव्हा बसवलंत?”

वन्संनी पाण्यात हात घालून गरम आहे का ते पाहिलं. “माई येणार होती तेव्हा.”

“तेव्हापासून?”

“काढून काय करायचं होतं?” त्या म्हणाल्या. “हात वर कर.”

मी हात वर केला. चौदा वर्षं त्या भिंतीवर ते दांडे होते आणि त्यांना पहिला हात लागला तो माझा. पलंग, उशाशी घंटा, खिडकी दक्षिणेला म्हणजे दिवसभर ऊन, सगळी खोली आईसाठी केलेली होती, आणि मी तिच्यात पाय वाकवायचा नाही म्हणून रुसून बसले होते.

त्या दिवशी राजगडची बस आली नाही म्हणून किरणचा फोन आला. चार वाजता वन्संनी मला खुर्चीच्या कडेला बसवलं, स्वतः खाली पाटावर बसल्या आणि माझी नडगी दोन्ही हातांत धरली. “आज मी वाकवते.”

त्यांनी दाब दिला. मी ओठ चावले. मग न ठरवता बोलून गेले.

“वन्सं, खरं सांगू? ते सोसवण्याचं काही नव्हतं. लोकांचंही नव्हतं.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “मग?”

“माई खाटेवर पडल्या आणि पहिल्यांदा स्वयंपाकघर माझं झालं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर. मीठ कुठे ठेवायचं ते मी ठरवलं. मुलगा मला विचारून बाहेर जायला लागला. त्या चालत्या झाल्या असत्या तर सगळं परत गेलं असतं. म्हणून मी दारात उभी राहिले.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. स्वतःशी बोलतानासुद्धा मी शाळेचं, लोकांचं, वयाचं कारण सांगत आले होते. बोलून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. भीती वाटली. माझा पाय त्यांच्या हातात होता.

वन्संनी दाब थोडा सैल केला. मग म्हणाल्या, “माईला ठाऊक होतं.”

“काय?”

“हेच. मी गाडी घेऊन परत गेले त्याच संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, उद्या पोलीस आणते हवं तर. ती म्हणाली, राहू दे. सुनंदाला आत्ता कुठे घर मिळालंय, मिळू दे. मी नाही येत.”

पाच वर्षं मी त्यांना ताट नेऊन देत होते, चादर बदलत होते, आणि त्या माझ्याकडे बघून, बरी झालीय हो भाजी, म्हणत होत्या. सगळं ठाऊक असून.

“मग तुम्ही मला नेमावरला तसं...”

“तिनं तुला सोडलं,” वन्सं म्हणाल्या. “मी नाही सोडलं. ती तिची मर्जी, ही माझी.” मग त्यांनी हातांची पकड बदलली. “आता वाकव. श्वास सोड आणि वाकव.”

मी वाकवला. चमत्कार झाला नाही. त्या दिवशी पासष्ट. पण त्या दिवसापासून मी दिवसातून सहा वेळा केलं. पश्चात्तापाने केलं असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल. रागाने केलं. माईंचा राग, की त्यांनी मला न सांगता माफ करून टाकलं आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाही. वन्संचा राग, की त्यांनी चौदा वर्षं हे माहीत असून सांगितलं नाही. यांचा राग, जे त्या दारात गप्प उभे होते. आणि माझा स्वतःचा, तो तर सगळ्यात जड. टॉवेल टाचेखाली धरून मी तो सगळा राग गुडघ्यावर काढत होते. वन्सं समोर बसून आकडे मोजत होत्या, सपाट आवाजात, तहसिलीत नोंद वाचावी तशा. कधीमधी माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, तर त्या पदर देत नसत. मोजणं थांबवतही नसत. पंचाहत्तर झाला. ब्याऐंशी झाला. सहाव्या आठवड्यात किरणने पट्ट्या लावल्या, दोनदा बघितलं आणि म्हणाली, “पंचानबे!” वन्संनी वहीत डोकावून आकडा खरा आहे का ते पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या.

डॉक्टरांनी पुन्हा भूल द्यायची गरज नाही म्हणून सांगितलं. मी देवासला निघाले त्या दिवशी गव्हाला ओंब्या धरल्या होत्या. सामान गाडीत गेलं. मी वन्संच्या पायांशी वाकायला गेले, वयाने मोठ्या आहेत, रीत आहे. त्या एक पाऊल मागे सरकल्या. “वाकू नकोस,” म्हणाल्या. ती डॉक्टरांची सूचना होती की नकार, ते मला अजून उलगडलेलं नाही.

तीन जिने मी चढले, एकेक पायरी, वीस मिनिटं लागली. आता रोज उतरते, भाजी आणते. टेकडीच्या पायऱ्याही निम्म्या चढून आले एकदा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटतं. वर्षभरात वन्संचा फोन आला नाही. मी दोनदा केला. “बरी आहेस ना? मग झालं,” म्हणून त्यांनी ठेवला.

या संक्रांतीला मी ठरवलं, स्वतः जायचं. यांना म्हटलं तर हे उगीच, थंडी आहे, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करू लागले. मी ऐकलं नाही. तिळाच्या वड्या केल्या, डबा घेतला, बसने इंदूर, तिथून बसने धार. धक्के खात, पण बसायला जागा मिळाली.

दार एका अनोळखी बाईने उघडलं. कमरेला पदर खोचलेला, हातात बर्फाची पिशवी. आत खिडकीशी, उन्हात, पाय स्टुलावर ठेवून वन्सं बसल्या होत्या. शेजारी वॉकर. गुडघ्यावर पट्टी. केस पहिल्यांदाच मी त्यांचे सैल पाहिले.

“केव्हा?” मी विचारलं.

“तीन आठवडे झाले.”

“मला कुणी...” आणि मग मला यांचं ते, पुढच्या महिन्यात जाऊ, आठवलं. “यांना माहीत होतं?”

“बाळूला मी शपथ घातली होती.” त्या यांना अजून बाळूच म्हणतात. त्यांनी त्या बाईला खूण केली, ती चहा ठेवायला गेली. “राजगडची आहे. किरणनंच दिली शोधून. चांगलं करते.”

मी उभीच होते. “तुम्ही मागच्या वर्षी पाटावर बसून माझा पाय वाकवत होतात. तेव्हा दुखत होता तुमचा?”

“दुखायला काय होतंय.”

“वन्सं, मला कळवायचं होतंत.”

“कळवलं असतं तर तू आली असतीस.”

“आलेच असते.”

“म्हणूनच नाही कळवलं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तू दीड महिना माझं केलं असतंस, आणि मग तुला वाटलं असतं, फिटलं. मला ते नको होतं.”

मी बसले. त्या बाईने चहा आणला, बिस्किटं आणली, ट्रेमध्ये रुमाल घालून. मी डबा उघडून एक वडी त्यांच्या हातावर ठेवली. “तिळगूळ घ्या,” म्हटलं आणि थांबले. पुढचे दोन शब्द माझ्याने निघेनात, आणि त्यांनाही ते नको असावेत. त्यांनी वडी मोडून तोंडात टाकली. “गूळ कच्चा राहिलाय,” म्हणाल्या. खरं होतं.

“किती वाकतो?” मी विचारलं.

“पंच्याऐंशी.”

“तिसऱ्या आठवड्यात?”

“मी व्यायाम चुकवत नाही,” त्या म्हणाल्या.

तासभर बसले. इकडचं तिकडचं बोललो, त्यांच्या मुलीचं, पाण्याचं, भाज्यांच्या भावाचं. चार वाजत आले तशी ती बाई टॉवेल घेऊन आली आणि मला म्हणाली, “आप ज़रा बाहर बैठेंगी?” मी उठले. निघते म्हटलं. वन्संनी अडवलं नाही. हळदीकुंकू मात्र त्यांनी बसल्या जागेवरून लावलं, बोट अगदी नेमकं कपाळाच्या मध्यावर.

खिडकीतून ती गल्ली शेवटपर्यंत दिसते. मी दीड महिना तिथे बसून ती पाहिलेली आहे. बाहेर पडल्यावर मी मागे वळले नाही. त्या बघत असणार हे ठाऊक होतं. बसच्या धक्क्यांनी डावा गुडघा, तो अजून जुनाच आहे, ठणकत होता. तरी गल्लीच्या वळणापर्यंत मी लंगडले नाही.